टेस्ट पास झाली, पण गिऱ्हाईक किती वेळ थांबलं?



गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. आमच्या भांड्यांच्या दुकानाची छोटी वेबसाइट आहे, गिफ्ट सेटच्या ऑर्डर आम्ही त्यावर घेतो. दुपारी नेहमीच्या एका काकूंचा फोन आला. "अरे, तुझ्या साइटवर नुसतं गोल गोल फिरतंय. मी शेवटी दुसरीकडून मागवलं बाबा." मी लगेच साइट बनवणाऱ्या मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, रोज रात्री ऑटोमेटेड टेस्ट चालते. चौदाच्या चौदा पास. रिपोर्ट हिरवागार आहे."

दोघंही खरं बोलत होते. आणि तिथेच माझं डोकं चालायला लागलं.

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे काय, ते आधी सांगतो. सेलेनियम किंवा प्लेराइटसारखं टूल स्वतः ब्राउझर उघडतं, आपल्या साइटवर जातं, वस्तू शोधतं, कार्टमध्ये टाकतं, पेमेंटच्या पानापर्यंत पोचतं. सगळं जागेवर असेल तर टेस्ट पास. समजा तुम्ही दुकानात एक पोऱ्या पाठवला: "जा, कढई मिळते का बघून ये." तो येऊन सांगतो, "मिळते." पण काउंटरवर पाऊण तास उभा होता, हे तुम्ही विचारलंच नाही, तर तो कशाला सांगेल?

या टूलला सहनशक्ती भरपूर असते. सेलेनियमच्या मूळ सेटिंगमध्ये एक पान उघडायला ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं मुभा असते. प्लेराइटमध्ये एका टेस्टला ३० सेकंद. तेवढ्या वेळात काम झालं की हिरवी खूण. आपलं गिऱ्हाईक ५ मिनिटं सोडा, ३० सेकंद तरी थांबतं का?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: साइटसाठी पैसे मोजताय ना, मग 'चालते का' एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच टेस्टमध्ये 'किती वेळात चालते' हेही मोजून मागा. ब्राउझर या वेळा स्वतःच नोंदवत असतो. टेस्ट चालू असताना त्या काढून फाइलमध्ये ठेवायच्या, एवढंच. तयार टेस्टमध्ये हे घालायला थोडंच जास्तीचं कोडिंग लागतं. नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

मालक म्हणून तुम्ही तीन आकडे मागा:

१. टीटीएफबी: सर्व्हरकडून पहिलं उत्तर यायला लागलेला वेळ. ०.८ सेकंदाच्या आत असावा. हा जास्त असेल तर होस्टिंगवाल्याशी बोला.

२. एलसीपी: पानावरचा सगळ्यात मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ. गूगलच्या हिशोबाने २.५ सेकंदांपर्यंत चांगला, ४ च्या पुढे वाईट.

३. सीएलएस: पान उघडताना वस्तू किती इकडेतिकडे सरकतात. ०.१ पर्यंत ठीक. 'खरेदी करा' दाबायला जावं आणि बोट जाहिरातीवर पडावं, तो हा प्रकार.

आता महत्त्वाचा मुद्दा. मोजायचं कुणाच्या फोनवर? टेस्ट चालते भारी मशीनवर, ऑफिसच्या वेगवान नेटवर. आपलं गिऱ्हाईक असतं बसमध्ये, चार वर्षं जुन्या मोबाइलवर. म्हणून क्रोममध्ये मुद्दाम नेट आणि प्रोसेसर हळू करून मोजायला सांगा. गूगलचं फुकट मिळणारं लाइटहाऊस मोबाइलसाठी हेच करतं: प्रोसेसर ४ पट हळू, नेट साधारण १.६ एमबीपीएस. आमच्या साइटचा एलसीपी त्या मुलाच्या लॅपटॉपवर २ सेकंद होता. तोच या सेटिंगवर ९ च्या पुढे गेला! कारण काय निघालं? दिवाळीच्या बॅनरचे फोटो मी स्वतःच कॅमेऱ्यातून काढून जसेच्या तसे चढवले होते. एकेक ४ एमबीचा. चूक माझी होती, पण ती दाखवणारा आकडा कुणीच घेत नव्हतं.

फोटो लहान केले, कुणी न वापरणारी चॅटची खिडकी काढली, आकडा ३ च्या खाली आला. ऑर्डर किती वाढल्या ते विचारू नका. तोवर दिवाळी होऊन गेली होती.

काही जण म्हणतील, "गूगल सर्च कन्सोलमध्ये खऱ्या लोकांचे आकडे मिळतात, मग टेस्टमध्ये कशाला?" बरोबर आहे, खऱ्या गिऱ्हाइकाचा आकडा कधीही मोठा. बटण दाबल्यावर साइट किती पटकन हलते, म्हणजे आयएनपी, ते तर खरी माणसं वापरतात तेव्हाच नीट कळतं. पण ते आकडे दिसायला साइटवर पुरेशी वर्दळ लागते. तुमच्या-माझ्या छोट्या साइटवर बऱ्याचदा तिथे 'पुरेसा डेटा नाही' एवढंच दिसतं. मोठ्या कंपनीला गिऱ्हाइकंच आकडे देतात, आपल्याला ते टेस्टमधूनच काढावे लागतात. म्हणून मी म्हणतो, याची गरज लहान दुकानदाराला जास्त आहे.

एक सावधगिरी. एकदा मोजून आरडाओरडा करू नका. तीच साइट, तीच टेस्ट, तरी आकडा दर वेळी थोडा हलतो. पाच वेळा मोजा, लहान-मोठे लावा आणि मधला धरा. मर्यादाही थोडी सैल ठेवा. उगाच रोज टेस्ट फेल व्हायला लागली, की शेजारच्या दुकानाच्या सायरनसारखं होतं, वाजतो पण कुणी बघत नाही. आणि १०० पैकी १०० स्कोअरच्या मागे तर लागूच नका. मागच्या आठवड्यापेक्षा आकडा वाढला का, एवढं बघा.

आज एकच काम करा. तुमच्या साइटवाल्याला फोन लावा आणि विचारा, "काल रात्रीच्या टेस्टमध्ये, हळू मोबाइलवर, आपला एलसीपी किती आला?"

आकडा लगेच मिळाला, तर माणूस सांभाळून ठेवा. "दादा, सगळं पास आहे" असं उत्तर आलं, तर पुढचं बिल देण्याआधी हा विषय काढा.