प्रशिक्षणाची परीक्षा आईच्या घरात

गडचिरोलीत १९८०च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालमृत्यूंचा शोध घेतला, तेव्हा न्यूमोनिया हे एक मोठे कारण पुढे आले. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. पण गावात बाळाजवळ सर्वांत आधी पोहोचणारी दाई बहुधा निरक्षर होती. तिला एवढे आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधन तयार झाले: मिनिटभराची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी आणि एक थोड्या मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा.

आरोग्य शिक्षण तज्ज्ञाचे काम इथे सुरू होते. दाईला काय येत नाही याची यादी न करता तिला काय येते हे बघायचे, आणि शास्त्र तिच्या हाताला पेलेल अशा रूपात आणायचे. हे डॉक्टरकीपेक्षा सोपे काम नाही. तरीही आपल्या आरोग्यव्यवस्थेत त्याला जोडकाम मानले जाते: भित्तिपत्रके छापणारा, जागतिक अमुक दिनाची फेरी काढणारा, सभागृह आणि चहा-नाश्त्याची सोय बघणारा माणूस. जिल्ह्याजिल्ह्यांत विस्तार व माध्यम अधिकारी असतात, राज्यात आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्रे आहेत. म्हणजे रचना आहे. त्या रचनेकडून आपण मागतो काय, हा प्रश्न आहे.

आपण हजेरीपट मागतो. किती प्रशिक्षणे झाली, किती जणी आल्या, किती निधी खर्च झाला. फार तर पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे गुण. पण उत्तरचाचणी होते प्रशिक्षणाच्या शेवटच्या दुपारी, त्याच खोलीत. त्या दिवशी गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला, आशाताईला, जुलाबावर द्यायच्या साखर-मिठाच्या द्रावणाचे, म्हणजे ओआरएसचे, प्रमाण तोंडपाठ असते. तीन महिन्यांनी, भर पावसाळ्यात, जुलाबाने मलूल झालेल्या मुलाच्या आईला ती ते समजावू शकते का आणि आई ते करते का, हे त्या कागदावर कधीच उमटत नाही. त्यात प्रशिक्षणाची उतरंड. राज्यस्तरावर शिकलेला जिल्ह्याला शिकवतो, जिल्हा तालुक्याला, तालुका आशांना. दर पायरीला दिवस कमी होतात, प्रात्यक्षिके गळतात, स्लाइड तेवढ्या उरतात.

बांगलादेशातील ‘ब्रॅक’ या संस्थेने याच दुखण्यावर एक धाडसी उपाय केला. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचे द्रावण पाजून हजारो जीव वाचवले होते. ते ज्ञान घराघरांत न्यायचे ‘ब्रॅक’ने ठरवले. १९८० ते १९९० या दशकात संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणारी फक्त सांगायची नाही, आईकडून द्रावण बनवून घ्यायची. काही दिवसांनी दुसराच माणूस त्यांतल्या काही घरांत जाऊन विचारायचा: दहा मुद्द्यांपैकी किती आठवतात? बनवून दाखवा. आईला जितके आठवे, त्यावर शिकवणारीचा मोबदला ठरे.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. आयांना द्रावण छान जमते, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या जणी ते देतात, असे लक्षात आले. ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून संस्था मोकळी झाली नाही. तिने मागे वळून आपल्याच कार्यकर्त्यांना विचारले. तेव्हा कळले की स्वतःला जुलाब झाल्यावर त्यांच्यातल्याही बऱ्याच जणी गोळ्या घेत होत्या. शिकवणारीचाच विश्वास नव्हता. मग त्यांना हे द्रावण काम कसे करते ते दाखवून समजावले गेले. आईसमोर आधी स्वतः घोट घ्यायची पद्धत पडली. तोवर विसरलेल्या पुरुषांशी बाजारात आणि मशिदीत बोलणे सुरू झाले, कारण औषधाचा पैसा त्यांच्या हातात होता. त्यानंतर वापर वाढत गेला.

भारतात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अतिसार झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांना ओआरएस मिळाल्याचे आढळले. आधीच्या फेरीपेक्षा हे प्रमाण दहा टक्केबिंदूंनी जास्त, आणि त्याचे श्रेय आशा-अंगणवाडी सेविकांना द्यायलाच हवे. पण काही रुपयांची पुडी दहातल्या चार मुलांपर्यंत पोहोचत नाही. कुठे पुडीच मिळत नसेल. पण जिथे ती गावात मिळते, तिथे उणीव शिक्षणाची आहे.

याचा अर्थ आशांच्या तुटपुंज्या मोबदल्याला आणखी एक अट जोडावी, असा मुळीच नाही. नवजात बाळाच्या सहा-सात गृहभेटी पूर्ण केल्यावर आशाताईला २५० रुपये मिळतात. ही बाई आधीच नको तेवढी मोजली जाते. मोजायचे ते प्रशिक्षण देणाऱ्या व्यवस्थेला. सर्चने गृहाधारित नवजात बालसेवेत हेच केले. खेड्यातल्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना तयार केले, त्यांच्या पाठीशी नियमित देखरेख ठेवली आणि निकाल मृत्यूंच्या नोंदीत तपासला. नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षात ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये छापले, आणि २०११ पासून हीच सेवा देशभरच्या आशांच्या कामाचा भाग झाली. मात्र पद्धत देशभर नेताना तिच्यातली देखरेख आणि उजळणी बऱ्याच ठिकाणी पातळ झाली.

देखरेख आणि उजळणीचे मोल जामखेडलाही दिसते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांचे शिक्षण एका शिबिरात आटोपत नसे. त्या पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावात काय घडले ते सांगत, अडलेले विचारत. शिकणे आणि गावातले काम यांत खंड नव्हता.

महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. त्यांच्या दर प्रशिक्षणानंतर दोन-तीन महिन्यांनी प्रशिक्षकाने निवडक घरांत जाऊन आयांना द्रावण बनवायला सांगावे, बाळाच्या धोक्याच्या खुणा विचाराव्यात, आणि जे सापडेल त्यानुसार पुढच्या प्रशिक्षणाचा आराखडा बदलावा. प्रशिक्षकाचा प्रवासखर्च आणि ते दिवस अंदाजपत्रकात धरावे लागतील. विस्तार अधिकाऱ्यांना अहवालांच्या आणि फलकबाजीच्या कामातून मोकळे करावे लागेल. त्या घरभेटींचे निष्कर्ष जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे हजेरीच्या आकड्यांच्या आधी ठेवले जावेत. पावसाळ्यापूर्वी एका तालुक्यात हे करून बघायला कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही.