नांदायला ये म्हणण्याआधी



दसरा सरला, वेचणी तोंडावर आली की कोरडवाहू गावांतून एक वेगळीच वरात निघते. नवरा दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट चढवतो, दोन पंच घेऊन रेल्वेने घाटकोपर नाहीतर मुलुंड गाठतो. मार खाऊन भावाच्या खोलीवर गेलेली बायको तिथे चार घरची धुणीभांडी करते. महिन्याच्या महिन्याला तिच्या हातात रोख पैसा पडतो. दारू सुटली, माणूस सुधारला, असे पंच सांगतात. वेचणीला बाई मिळेना म्हणून आलात, असे ती म्हणाली तर तिचे काय चुकले?

मग कोणीतरी वकील गाठून देतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ आहे, नांदायला येण्याचा हुकूम मिळतो. पण हुकमाने बाई येत नाही. वर्षभरात नांदणे सुरू झाले नाही तर त्याच निकालावर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. न नांदण्याला सबळ कारण असेल तर असा हुकूम असूनही तिची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

हा खेळ जुनाच. दादाजी भिकाजीने १८८४ साली मुंबईत रखमाबाईंवर असाच दावा लावला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ती मुलगी. जावयाने शिकावे, चांगला माणूस व्हावे, एवढीच सासुरवाडीची अपेक्षा होती. शिकण्याचा त्याने कंटाळा केला. दावा मात्र चिकाटीने चालवला! मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली २,००० रुपये घेऊन दादाजीने प्रकरण मिटवले. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

कापसाच्या भावात नवरा लुटला जातो, हे खरे. पण लुटल्या गेलेल्याने घरात येऊन लुटारू व्हावे, याला काय म्हणावे? निंदणी तिची, वेचणी तिची, ज्वारीची खुडणी तिची. पट्टीचे पैसे त्याच्या खिशात. हा हिशेब तसाच ठेवून नुसती दाढी केल्याने माणूस बदलत नाही.

शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात १९९० च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारख्या गावांत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कोणी मनापासून केला, कोणी चारचौघांच्या लाजेने. कागद मात्र झाला. १९९२ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला तर सातबारावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते. मुलुंडचे तिकीट काढायचे ते हा उतारा खिशात घालून. तरीही ती येईलच असे नाही, आणि नाही आली म्हणून नाव कमी करायला तलाठ्याकडे धावू नये. अर्ज आत्ताच द्या. फेरफाराला दिवस लागतात, वेचणी थांबत नाही.