वेबसाइट गिऱ्हाइकाच्या फोनवर बघा

जुन्या नाशकातल्या आमच्या गल्लीत एक खाला ओढण्यांवर जरदोजीचे काम करतात. गेल्या रमजानच्या आधी त्यांच्या मुलाने हौसेने वेबसाइट बनवली. ओढण्यांचे ४० फोटो, भाव, ऑर्डरचा फॉर्म आणि सगळ्यात वर सुरेख उर्दू अक्षरांत दुकानाचे नाव. ईद होऊन गेली, पण वेबसाइटवरून एकही ऑर्डर आली नाही. "लोकांना काम पसंत पडलं नसेल," असे म्हणून खाला गप्प बसल्या.

कामात खोट नव्हती. मालेगावहून आलेल्या भाचीने तिच्या जुन्या फोनवर वेबसाइट उघडली, तेव्हा खरे काय ते कळले. आधी बराच वेळ पांढरा पडदा, मग अर्धाच फोटो. ‘ऑर्डर’वर बोट ठेवायला जावे, तोच वर आणखी एक फोटो उघडायचा, पान खाली सरकायचे आणि बोट भलतीकडेच पडायचे. मुलाने मात्र वेबसाइट पाहिली होती ती घरच्या वायफायवर, नव्या लॅपटॉपवर.

दुकानातून गिऱ्हाईक परत फिरले तर डोळ्यांना दिसते. वेबसाइटवरून परतलेले दिसत नाही, म्हणून मोजावे लागते. त्यासाठी गुगलने तीन मापे ठरवली आहेत.

पहिले, एलसीपी. पडद्यावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा. ४ सेकंदांच्या पुढे गेला तर वाईट. दुसरे, आयएनपी. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात, पडद्यावर काहीतरी हालचाल दिसावी. हे माप मार्च २०२४ पासून लागू झाले. तिसरे, सीएलएस. पान उघडताना मजकूर किती उड्या मारतो याचा हा आकडा ०.१ च्या आत हवा. आणि हे सारे शंभरपैकी निदान ७५ भेटींत जमले पाहिजे. एकट्या आपल्या फोनवर जमून भागत नाही.

मोजायला पैसे लागत नाहीत. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या गुगलच्या पानावर आपल्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा. गेल्या २८ दिवसांत आलेल्या खऱ्या लोकांचा अनुभव वर दिसतो; येणारे फार थोडे असतील तर तो भाग रिकामा राहतो. खाली साधा फोन आणि संथ ४जी गृहीत धरून केलेली चाचणी असते. लहान दुकानाने तीच पाहावी, आणि त्यात ‘मोबाइल’चा आकडा पाहावा, ‘डेस्कटॉप’चा नाही.

आमच्या खालांच्या वेबसाइटचे दुखणे तिथेच सापडले. फोनच्या कॅमेऱ्यातून काढलेला एकेक फोटो तीन एमबीचा, म्हणजे ४० फोटोंचे १२० एमबी! फोनच्या पडद्याला ८०० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो. तो वेबपी प्रकारात जतन केला, की शंभरेक केबीत बसतो. खालचे फोटो वाचक तिथवर पोचेल तेव्हाच उघडावेत. पहिला मात्र लगेच. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची आधी लिहून ठेवली, की तेवढी जागा राखली जाते आणि पान उड्या मारत नाही.

उर्दू नावाचीही एक गंमत. नस्तालिक लिपीच्या फॉण्टची फाइल बरीच जड असते. फक्त दुकानाच्या नावासाठी ती उतरवायला लावण्यापेक्षा त्या नावाचे छोटे चित्र करून लावलेले बरे. सर्व्हर कुठे आहे हेही विचारा. अमेरिकेत असेल तर निरोपाच्या एका फेरीला जवळपास पाव सेकंद जातो, आणि पान उघडायला अशा कितीतरी फेऱ्या होतात. भारतातही डेटा सेंटरे आहेत. आपल्या सातपूरलाही आहे.

पण सगळेच यंत्राला कळत नाही. फोन नंबरच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड येतो का? पिनकोड चुकला तर भरलेला सगळा फॉर्म पुसला जातो का? यासाठी जेकब नील्सन या तज्ज्ञांनी २००० साली सोपा उपाय सांगितला: पाच माणसांना वापरायला द्या, बहुतेक चुका कळतात. अम्मी, फुफी, शेजारीण, कुणीही चालेल. "एक ओढणी मागवा" एवढेच सांगायचे आणि गप्प बसायचे. मध्ये बोट घालून दाखवायचे नाही. त्या जिथे अडतील, तिथे दुरुस्ती.

खालांच्या मुलाने हे सगळे एका रविवारी केले. फुफी पत्त्याच्या रकान्यात अडल्या. ‘लँडमार्क’ म्हणजे काय, असे त्यांनी विचारले. आता तिथे ‘जवळची खूण’ असे लिहिले आहे.

तुमच्या घरचे दुकान, मोहल्ल्यातली शाळा किंवा एखादा ट्रस्ट यांची वेबसाइट असेल, तर आज घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, ती एकदा उघडून पाहा.