आधी रुई किती, ते लिहा

छोट्या दुकानांना संकेतस्थळ करून देणाऱ्यांचं आमच्या जिल्ह्यात सध्या चांगलं पीक आलं आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही जा. दर ठरलेला, पानंही ठरलेली. होम, अबाउट अस, सर्व्हिसेस, गॅलरी, कॉन्टॅक्ट असं पाच पानांचं पॅकेज. दुकानदाराने रंग निवडायचा, लोगो निवडायचा, अर्धे पैसे आगाऊ द्यायचे. आणि मजकूर? 'मजकुराची काळजी करू नका, तो आम्ही भरून टाकतो.'

माझं भांडण या 'भरून टाकतो'शी आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. बीएडला असताना पाठाची टाचणं लिहून लिहून हात दुखायचे, पण त्यातून एक गोष्ट अंगात मुरली. आधी हेतू, मग आशय, मग शैक्षणिक साहित्य. काय शिकवायचं हे ठरण्याआधीच तक्ता रंगवत बसणाऱ्या शिकाऊ शिक्षकाची आमचे निरीक्षक भर वर्गात हजेरी घेत. संकेतस्थळांच्या धंद्यात मात्र तक्ता आधी रंगवतात आणि त्यावर काय लिहायचं ते रंग वाळल्यावर बघतात.

कधीकधी तेवढंही बघत नाहीत. सायकलींचे टायर विकणाऱ्या एका दुकानाच्या संकेतस्थळावर मला 'लोरेम इप्सम'ने सुरू होणारा परिच्छेद तसाच राहिलेला दिसला. ही लॅटिन आहे. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्याने इ.स.पूर्व ४५ मध्ये लिहिलेल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाची मोडतोड करून तयार झालेला हा मजकूर छापखानेवाले पानावरची जागा भरायला वापरत आले. टायर घ्यायला आलेल्या माणसाला सिसेरो भेटतो, टायरचा भाव भेटत नाही.

पण लॅटिन परवडली. ती निदान कुणी वाचत नाही. खरं नुकसान करतो तो भरलेला मजकूर. 'गुणवत्ता हेच आमचे ध्येय', 'ग्राहकांचे समाधान हाच आमचा आनंद', 'अनेक वर्षांची विश्वसनीय सेवा'. अशा मजकुराची परीक्षा सोपी आहे. दुकानाचं नाव खोडून तिथे शेजारच्या दुकानाचं नाव लिहा. एकही शब्द बदलावा लागला नाही, तर त्या मजकुरात तुमचं असं काहीच नाही आणि तुम्ही पैसे हवेसाठी दिलेत.

माझा एक जुना विद्यार्थी गादी-रजईचा धंदा करतो. पिंजण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं. आजोबा पिंजणाची कमान खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे, वडिलांनी मशीन घेतलं, आता हा ऑनलाइन जायचं म्हणतो. संकेतस्थळाचा मजकूर छापून घेऊन आला. म्हणाला, "आपा, शुद्धलेखन तेवढं बघून द्या." मूळ मजकूर इंग्रजीतला, त्याचं मराठी यंत्राने केलेलं. पहिलंच वाक्य होतं, 'आम्ही झोपेचे उपाय पुरवतो.' मी त्याला विचारलं, तू झोप आणतोस की घालवतोस? सोबतच्या चित्रात सोनेरी केसांची एक परदेशी बाई पांढऱ्याशुभ्र फोमवर झोपली होती. ज्या माणसाचा सगळा धंदा रुईचा, त्याच्या पाचही पानांत रुई हा शब्द नव्हता.

शुद्धलेखन मी बघितलंच नाही. त्याला म्हटलं, आठ दिवस गल्ल्यावर वही ठेव आणि गिऱ्हाईक तोंडाने जे विचारतं ते जसंच्या तसं लिही. आठ दिवसांनी वही आली. जेमतेम दोन पानं भरली होती, कारण प्रश्न तेच ते होते. तीन बाय सहाच्या गादीला किती किलो रुई घालता? नवी रुई की मिलचा वेस्ट? जुनी गादी पिंजून देता का, आणि किलोमागे काय घेता? खोळीचं कापड तुमचं की आम्ही आणायचं? घरून न्यायला माणूस येतो का? सेलूला पोचवता का? पावसाळ्यात किती दिवस लागतात? आणि सगळ्यांत जास्त वेळा, विशेषतः बायकांनी विचारलेला प्रश्न: माझीच रुई मला परत मिळेल याची खात्री काय?

हा शेवटचा प्रश्न कुठल्याही पॅकेजवाल्याला सात जन्मांत सुचला नसता. लग्नात माहेरहून आलेल्या गादीतली चांगली रुई काढून घेतली आणि वेस्ट भरून परत दिली, ही भीती आमच्याकडच्या प्रत्येक घरात आहे. तिला 'विश्वसनीय सेवा' हे उत्तर नाही. उत्तर असं आहे की जुनी रुई तुमच्यासमोर तोलतो, हवं तर समोर बसून पिंजून घ्या, पिंजल्यावर पुन्हा तोलतो, धूळ आणि कचरा निघून वजन घटतं आणि ती घट पावतीवर लिहून देतो. एवढ्या चार ओळी त्याच्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर हव्यात. त्याच्या डोक्यात त्या होत्याच. रोज दहा वेळा तो त्या तोंडाने सांगतो. पण त्याला कुणीतरी पटवलं होतं की दुकानात बोलायची भाषा वेगळी आणि संकेतस्थळावर लिहायची वेगळी.

पॅकेजवाल्याचं म्हणणंही त्याने मला सांगितलं, ते इथे नोंदवते. एक, भाव लिहू नका, स्पर्धक बघतात. अहो, गादीघरं एकाच रस्त्यावर समोरासमोर असतात, रुई एकाच बाजारातून येते. स्पर्धकाला तुमचा भाव तुमच्याआधी कळतो. भाव कळत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला, आणि मग तो फोन न करताच पुढच्या दुकानाकडे वळतो. रुईचा भाव हलतो हे खरं. म्हणून भावाशेजारी तारीख लिहायची आणि तो हलला की तारखेसकट बदलायचा. दोन, गूगलला 'कीवर्ड' लागतात. लागतात ना. 'जुनी गादी पिंजून वर्धा' असं फोनमध्ये बोलून शोधणारा माणूस जे शब्द वापरतो तेच कीवर्ड. 'प्रीमियम स्लीप सोल्युशन्स' असं हिंगणघाटात कोण शोधतं?

तीन, थोर माणसाचं एक वचन हवंच. इथे मला खरा राग आला. गांधीजींच्या नावावर एक उतारा बँकांच्या भिंतींपासून किराणा दुकानांपर्यंत सगळीकडे लटकलेला असतो. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर नाही, आपण त्याच्यावर अवलंबून, वगैरे. खाली पुष्कळदा लिहिलेलं असतं की १८९० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणात ते असं म्हणाले. १८९० मध्ये मोहनदास गांधी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ च्या मे महिन्यात. बाकी कुणी हे लटकवलं तर समजू शकते. पण सेवाग्राम ज्यांच्या उशाशी आहे, त्या वर्धेकरांनी? ज्या माणसाने 'यंग इंडिया', 'नवजीवन' आणि 'हरिजन'मध्ये जाहिराती घेतल्या नाहीत, त्याच्याच तोंडी आपण जाहिरातीचं वाक्य घालतो.

गांधीजींकडून घ्यायचंच असेल तर याच गावातलं काही घ्या. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि काम कुमारप्पा बघत. १९३८ च्या ३० डिसेंबरला तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी केलं. वस्तू कशाची आहे, कशी आणि कुठल्या हातांनी बनली, हे विकत घेणाऱ्याला दाखवायचं, हा त्या सगळ्या खटाटोपाचा गाभा. चरखा संघही खादीला प्रमाणपत्र देत असे, ते याचसाठी. संकेतस्थळावर काय असावं याचा धडा आपल्या गावात संगणक यायच्या कितीतरी आधी देऊन झाला आहे.

हळदीचंच घ्या. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण हळद विकणाऱ्यांची पानं बघा. 'शुद्ध, नैसर्गिक, आरोग्यदायी' आणि एका विलायती स्वयंपाकघराचा फोटो. कुठल्या शिवारातली, यंदाची की गेल्या सालची, शिजवून वाळवल्यावर पॉलिश केली का, दळली कधी, अन्नसुरक्षेचा १४ अंकी परवाना क्रमांक कोणता, यातलं काही नाही. मानांकनाचं चिन्ह वापरायला त्यासाठी नोंदणी करावी लागते, ती झाली आहे का, तेही नाही. जे सांगण्यासारखं आहे ते गाळायचं आणि जे कुणीही सांगू शकतो ते सांगायचं, हा उलटा व्यवहार.

आता भाषा. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानालाही पाटी देवनागरी मराठीत लावणं बंधनकारक झालं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा बाजारात रंगाऱ्यांना दिवस अपुरा पडत होता. पाटी मराठी झाली आणि त्याच दुकानाचं संकेतस्थळ इंग्रजी राहिलं. म्हणजे मराठी दंडाच्या भीतीने लिहायची, आणि इंग्रजी हौसेने.

उर्दूची शिक्षिका म्हणून मला हमखास विचारतात, उर्दू पान ठेवायचं का? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवरच्या उर्दूवरून खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने ती पाटी राहू दिली. भाषा म्हणजे धर्म नाही, उर्दू याच मातीत जन्मली, आणि स्थानिक लोकांना जी भाषा कळते तिच्यातून त्यांच्याशी बोललं तर बिघडलं काय, असा त्या निकालाचा रोख. मला तो निकाल फार प्रिय आहे. पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. पाटी वाचणाऱ्यासाठी असते. तुझं गिऱ्हाईक उर्दू वाचत असेल तर जरूर ठेव, आणि मग तिथेही भाव आणि वजन लिही. नुसती शान म्हणून एक शेर टाकायचा असेल, तर शेराला त्याच्या जागी राहू दे. त्या मुलाची नव्वद टक्के गिऱ्हाइकं मराठी बोलणारी आहेत. त्याची पहिली भाषा मराठी असली पाहिजे, आणि ती अनुवादातली नको, त्याच्या तोंडातली हवी.

वेस्टचं काय लिहायचं, यावर आमचा बराच वेळ गेला. स्वस्त गादीत मिलचा वेस्ट असतो, सगळेच घालतात, कुणी लिहीत नाही. तो म्हणाला, लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल. मी त्याला लहानपणी मीच शिकवलेला प्रसंग आठवून दिला. प्रेषित मुहम्मद बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असा त्यांचा सवाल. संकेतस्थळ हा ढिगाचा वरचा थर आहे. वेस्टची गादी विकणं यात काही पाप नाही, गरिबाला तीच परवडते. ती रुईची म्हणून विकणं पाप आहे. त्याने दोन रकाने केले: नव्या रुईची आणि वेस्टची, दोन्हींचे भाव, दोन्ही किती वर्षं टिकतात. वेस्टच्या गाद्यांची मागणी कमी झालेली नाही.

राहिलं नाव. 'आमच्याविषयी' पानावर त्याने वडिलांचं नाव घातलंच नव्हतं. दुकानाचं नावही असं निवडलं होतं की मालक कोण याचा पत्ता लागू नये. कारण मला विचारावं लागलं नाही. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खाणावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं, ते आमच्याकडच्या प्रत्येक दुकानदाराने फोनवर बघितलं होतं. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकमाला अंतरिम स्थगिती दिली. काय अन्न मिळतं ते लिहायला सांगा, नाव लिहायची सक्ती नको, असं न्यायालयाचं म्हणणं. माल काय आहे हे जाणण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. विकणाऱ्याचं नाव तपासून मग भूक लागू द्यायची, हा हक्क नव्हे.

पण मी त्याला हेही सांगितलं की दोन गोष्टींची गल्लत करू नको. संकेतस्थळावरूनच ऑर्डर आणि पैसे घ्यायचे असतील तर २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम लागू होतात. त्यात कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात. हा नियम एका रस्त्यापुरता, एका महिन्यापुरता आणि काही नावांकडे बघून केलेला नाही. टाटांनाही तो आहे आणि तुझ्या अब्बांनाही. गिऱ्हाइकाची रुई घरी नेणाऱ्या माणसाने स्वतःचं नाव झाकलं, तर वजनाची पावती कुणाच्या भरवशावर घ्यायची?

हे बोलणं सोपं आहे, दुकान माझं नाही. नाव वाचून दोन गिऱ्हाइकं कमी झाली तर ती त्याची कमी होणार. तरीही माझा सल्ला तोच आहे, कारण गावात त्याच्या वडिलांचं नाव तीस वर्षं तराजूवरूनच ओळखलं जातं, आणि त्या पाच पानांत शेजारच्या दुकानाला उसनी घेता येणार नाही अशी तीच एक गोष्ट आहे.

भावाचं पान, घटीचं पान, पिंजण्याच्या वेळा हे सगळं आता मराठीत चालू झालं आहे. परदेशी बाई गेली. 'आमच्याविषयी' अजून बंद आहे. मशीनवर बसलेल्या वडिलांचा फोटो घ्यायचा की रुई धरलेल्या नुसत्या हातांचा, यावर घरात वाद चालू आहे. मी चेहऱ्यासकट घ्या म्हटलं आहे. त्याची आई हातांवर अडून बसली आहे, आणि अब्बा म्हणतात, आधी तो ऑगस्टचा भाव बदला, जुना झाला.