वहीत नसलेले देणे



दिवाळी आली की आपल्या पेढ्यांवर जुन्या वह्या मिटतात आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ उमटते. हिशेब आता संगणकावर गेला, तरी पूजेला लाल वही लागतेच. बँकेतील माझी ३६ वर्षे इतरांचे ताळेबंद तपासण्यात गेली. स्वतःचा ताळेबंद मांडण्याची वेळ मात्र सरत्या वर्षाने आणली, आणि ती जरा कठोरपणेच आणली.

फेब्रुवारीतील एका पहाटे छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, प्राण वाचला. रुग्णालयाच्या खिडकीशी त्या सकाळी काय घडले, ते मला नंतर समजले. मेडिक्लेम पॉलिसीचा क्रमांक सौ.ला ठाऊक नव्हता. कागद कपाटात, कपाटाची किल्ली ब्रीफकेसमध्ये, ब्रीफकेसच्या कुलपाचे आकडे माझ्या डोक्यात, आणि मी अतिदक्षता विभागात! चिरंजीव हैदराबादहून निघाला होता. अनामत रक्कम अखेर मेहुण्यांनी भरली.

हे ऐकले तेव्हा मला माझ्या शाखेत आलेली एक विधवा भगिनी आठवली. पतीच्या ठेवीवर नामनिर्देशन नव्हते. मी तिला कागदपत्रांसाठी तीन वेळा परत पाठवले होते. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते. पण तिन्ही वेळा मी तिला बसायला सांगितले नव्हते, हेही तितकेच खरे. त्या खिडकीशी आता माझीच पत्नी उभी होती.

घरी आल्यावर कागद काढले. एका मुदत ठेवीवर नामनिर्देशित म्हणून मातोश्रींचे नाव होते. त्यांचा स्वर्गवास होऊन नऊ वर्षे झाली होती. ठेवीचे नूतनीकरण दरवेळी आपोआप होत राहिले आणि मी पावती उघडून पाहिलीच नाही. ज्या अर्जावर हजारो ग्राहकांच्या सह्या घेतल्या, तो स्वतःसाठी भरण्यास मला सवड झाली नव्हती.

सौ.ने बाजारातून एक लाल वही आणली. दर रविवारी दुपारी आम्ही दोघे बसू लागलो. मी सांगत असे, ती लिहीत असे. खाती, ठेवी, विमा, लॉकर, घराचे खरेदीखत, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, सगळे त्यात आले. नामनिर्देशने दुरुस्त केली. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. प्रत्येकाचा हिस्सा टक्केवारीत लिहावा, नाहीतर एकामागून एक असा क्रम द्यावा. लॉकरसाठी मात्र केवळ क्रमच चालतो. एक गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. बँक ठेवीची रक्कम नामनिर्देशिताच्या हाती देते, ती वारसांचा विश्वस्त म्हणून. त्याने वारसांचा हक्क संपत नाही. म्हणून मृत्युपत्र वेगळे करावेच. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या परत मागता येतात, त्यांचा शोध घेण्यासाठी ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही आहे. पण ठेव होती हेच घरात कोणाला माहीत नसेल तर शोधणार कोण?

चौथ्या रविवारी सौ.ने लेखणी थांबवून विचारले, “अहो, येणे सगळे लिहून झाले. आपण कोणाचे देणे लागतो, त्याचे पान कुठे आहे?”

मी गप्प राहिलो. कारण एक देणे होते. २००४ साली चिरंजीवाच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या वेळी एका मित्राने २५,००० रुपये हातउसने दिले होते. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. तो लवकर गेला. दुखवट्याच्या घरी पैशाचा विषय कसा काढावा, म्हणून थांबलो. आणि पुढे ते थांबणेच अंगवळणी पडले. बँकेत थकीत कर्जदारांना नोटिसा पाठवणारा मी स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ थकबाकीदार होतो. फेब्रुवारीत माझे बरेवाईट झाले असते, तर ते देणे माझ्याबरोबरच चितेवर गेले असते.

अक्षय्य तृतीयेनंतर आम्ही दोघे वहिनींकडे गेलो. मुद्दल आणि ठेवीच्या दराने होणारे व्याज पुढे ठेवून क्षमा मागितली. त्या बराच वेळ पाकिटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ह्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं, भाऊ. आणखी कोणाकोणाला दिले असतील, कोण जाणे!” मुद्दल त्यांनी ठेवून घेतले. व्याजाचे पाकीट माझ्या हाती परत देत म्हणाल्या, “हे पांजरपोळात भरा, त्यांच्या नावाने.” पावती मी त्याच आठवड्यात त्यांना नेऊन दिली.

परतताना सौ. काहीच बोलली नाही. त्या घरातही हिशेब एकाच डोक्यात होता, हे आम्हा दोघांच्या लक्षात आले होते.

परिग्रह म्हटले की आपल्याला सोने, जमीन, पैसा आठवतो. घरची माहिती एकट्यानेच धरून ठेवणे हाही परिग्रह आहे, असे मला आता वाटते. ‘तिला काय कळते’, ‘मुलांना कशाला त्रास’ अशी प्रेमळ नावे आपण त्याला देतो. त्यामागे असतो तो कर्तेपणाचा अहंकार. माझ्या बाबतीत तरी तोच होता. जिला काही कळणार नाही असे मी समजत होतो, तिच्याच एका प्रश्नाने माझे वीस वर्षांचे ओझे उतरले.

यंदा लक्ष्मीपूजनाला पेढीच्या वहीशेजारी घरचीही एक वही ठेवावी, ही विनंती. तिच्यात येण्याचे पान लिहा, देण्याचे पान आधी लिहा. आणि लिहिताना जोडीदाराला शेजारी बसवा.

आपणां सर्वांना नूतन वर्ष निरामय जावो. जय जिनेंद्र!