स्त्रियांच्या आरोग्याची साधने आणि सेविकांचे मत

मा. संपादक यांस,


स्त्रियांच्या आरोग्यासाठी निघणाऱ्या नव्या यंत्रांची व मोबाईलवरील अ‍ॅपांची वाखाणणी अलीकडे वारंवार वाचावयास मिळते, आणि गर्भाशयमुखाच्या अगर स्तनाच्या कर्करोगाचे निदान लवकर व स्वल्प खर्चात व्हावे म्हणून चाललेल्या कोणत्याही प्रयत्नाचे माझ्यासारखी स्त्री मनःपूर्वक स्वागतच करील. परंतु जिच्या देहासाठी ही साधने घडविली जातात आणि जिच्या हातून ती गावोगाव वापरली जाणार असतात, त्या दोघींना ती घडत असताना कोणी मसलतीस बोलाविले होते काय, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. माझे म्हणणे एवढेच की, सरकारी पैशाने खरेदी होणाऱ्या अशा कोणत्याही साधनास आशा, आरोग्यसेविका व अंगणवाडी सेविका यांनी ते पारखल्यावाचून मंजुरी मिळू नये, आणि ही अट निविदेच्या मसुद्यातच घातलेली असावी.

स्त्रीदेहाचा हिशेब मागाहून करण्याची खोड पुरातन आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली, गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभीच्या चाचण्यांतून वगळावे असा दंडक घातला; हेतू गर्भरक्षणाचा असला तरी तो दंडक उठावयास १९९३ साल उजाडावे लागले. झोल्पिडेम हे झोपेचे औषध स्त्रियांच्या शरीरातून अधिक सावकाश बाहेर पडते, सबब त्यांची मात्रा निम्मी करावी, असे त्याच प्रशासनाने फर्माविले ते २०१३ साली, म्हणजे औषध बाजारात येऊन वीस वर्षे लोटल्यावर. ‘अ‍ॅपल’ने २०१४ साली आरोग्याच्या नोंदींचे अ‍ॅप काढले, त्यात क्रोमियमसारख्या सूक्ष्म द्रव्याच्या सेवनाचीही नोंद करता येत होती; मासिक पाळीची सोय मात्र पुढल्या वर्षी झाली.

याच्या उलट, आपल्याच प्रांतात घडलेल्या दोन कामांकडे पाहावे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने गावांच्या ५२ समूहांतील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना सामावून घेणारी चाचणी झाली. एचपीव्ही या विषाणूची आयुष्यात एकदाच केलेली तपासणीदेखील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते, हा तिचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला आणि तो जगाने स्वीकारला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून चाललेल्या दुसऱ्या कामात तर साधन म्हणजे सौम्य केलेले अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरातला आंबट अंश, एवढेच. ते गर्भाशयमुखाला लावून उजेडात पाहावयाचे, पांढरा पडलेला भाग संशयित समजावयाचा. हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडक्या मुदतीत तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केले, आणि दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्यावर या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दारोदार जाऊन, सासूची समजूत घालून, लाजेने मागे सरणाऱ्या बाईला तपासणीच्या खोलीपर्यंत आणणाऱ्या सेविकेवाचून ते आम्ल बाटलीतच राहिले असते. या दोन्ही चाचण्यांत तुलनेसाठी निवडलेल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, याबद्दल पुढे कठोर टीका झाली व ती मला रास्त वाटते. त्या स्त्रियांच्या वतीने बोलणारे कोणी आराखडा ठरविणाऱ्यांत असते, तर हा मुद्दा आरंभीच उपस्थित झाला असता.

आता २०२१ सालचे ‘पोषण ट्रॅकर’ पाहावे. गरोदर व स्तनदा मातांच्या आणि बालकांच्या नोंदींसाठी केंद्र सरकारने आणलेले हे अ‍ॅप अंगणवाडी सेविकांना इंग्रजीतून भरावे लागे, आणि ते पेलण्याचे सामर्थ्य हाती दिलेल्या सरकारी मोबाईलांत नव्हते. महाराष्ट्रातील सेविकांनी त्या वर्षी ते मोबाईल परत केले व कैफियत उच्च न्यायालयापर्यंत नेली. मराठीतून सारे दप्तर चालविणाऱ्या बाईस हे अ‍ॅप एक आठवडा वापरावयास देऊन तिचा अभिप्राय घेतला असता, तर या मनस्तापाचे कारणच उरले नसते.

यावर असे म्हणतील की, तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत आज स्त्रियांची संख्या पुष्कळ आहे. आहे, आणि ती वाढावी हीच इच्छा आहे. पुण्याच्या प्रयोगशाळेत २०२० साली करोनाच्या तपासणीचा संच प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत खपून सिद्ध करणाऱ्या मिनल भोसले यांचे नाव कोणी विसरू नये. तथापि नोकरीत असणे निराळे आणि साधनाचा आराखडा ठरविण्याचा अधिकार असणे निराळे. शिवाय शहरातल्या अभियंता भगिनीला तालुक्याच्या उपकेंद्रातली अडचण आपोआप कळावी, ही अपेक्षा तिच्यावरही अन्याय करणारी आहे. सेविकांना विचारत बसल्यास विलंब होईल, ही दुसरी तक्रार. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात दोघीही निघाल्या नाहीत. जी साधने वापरलीच जात नाहीत, ती लवकर खरेदी करून कोणती घाई साधली जाते?

एचपीव्हीचा नमुना स्त्रीने स्वतःच घ्यावा, अशी तपासणी आता शक्य झाली आहे. तिच्या खरेदीपूर्वी तरी प्रत्येक विभागातून काही सेविका निवडून नमुन्याची नळी, माहितीपत्रक आणि नोंदीचे अ‍ॅप त्यांच्या हाती द्यावे, त्यांचे आक्षेप लेखी घ्यावेत, आणि त्या आक्षेपांचे निराकरण होईपर्यंत कंत्राटदाराचा पहिला हप्ता रोखून धरावा. या कामाचा मोबदला कंत्राटाच्या रकमेतून दिवसाच्या दराने स्वतंत्र द्यावा. तो सेविकांच्या तुटपुंज्या मानधनातच धरला जाऊ नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, धाराशिव