चोर सोडून संन्याशाला फाशी

नामांकित खेळाडूंनी भरलेला फुटबॉल-संघ हरू लागला, की एक ठरीव निदान कानी येते: प्रशिक्षकाला ह्या बड्या मंडळींचे अहंकार सांभाळता आले नाहीत. हे निदान आम्हांस मान्य नाही. प्रशिक्षकाचा गळा बहुधा अध्यक्षांच्या दालनातच आवळला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रेआल माद्रिदचा इतिहास पाहावा. २००० साली फ्लोरेंतिनो पेरेझ अध्यक्ष झाले आणि दर उन्हाळ्यात एक तारा विकत घेण्याचा प्रघात पडला: फिगो, झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो आणि २००३ मध्ये बेकहॅम. ह्यांपैकी पहिले तिघे ज्यांच्या हाताखाली खेळले, त्या विसेंते देल बोस्के यांनी सुमारे साडेतीन वर्षांत क्लबाला दोनदा स्पॅनिश लीग आणि दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. जून २००३ मध्ये लीगचे विजेतेपद मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाती नारळ देण्यात आला. अहंकार सांभाळणे हेच जर प्रशिक्षकाचे सर्वस्व असेल, तर हा गृहस्थ का गेला? ह्याच देल बोस्के यांनी पुढे स्पेनला २०१० चा विश्वचषक आणि २०१२ चा युरो करंडक मिळवून दिला.

त्याच उन्हाळ्यात क्लॉद माकेलेले चेल्सीला गेला. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिसकावून जवळच्या सहकाऱ्याकडे सोपवणे, एवढेच त्याचे काम. पण पुढचे तारे चमकत ते मागे हा राबत असे म्हणून. त्याने पगारवाढ मागितली, ती नाकारली गेली. जाहिरातीच्या फलकावर त्याचा चेहरा खपला नसता हे खरेच. परंतु सामने फलकावर खेळले जात नाहीत. नवे प्रशिक्षक कार्लोस केरॉझ यांच्या वाट्याला पुढे गर्दी आणि मागे भगदाड असा संघ आला. लीगमधील अखेरचे पाचही सामने गमावून तो चौथ्या क्रमांकावर घसरला, आणि शिक्षा झाली केरॉझ यांना. त्यानंतर कामाचो, गार्सिया रेमोन, लुशेंबुर्गो, लोपेझ कारो. कोणी स्वतः गेले, कोणाला घालवले. फेब्रुवारी २००६ मध्ये पेरेझ यांनीच राजीनामा दिला, तोवर तीन वर्षांच्या आत पाच प्रशिक्षक होऊन गेले होते.

ह्यावर झिदान यांचा दाखला दिला जाईल. पेरेझ २००९ मध्ये परतले. जानेवारी २०१६ मध्ये बेनितेझ यांना काढून झिदान यांना नेमण्यात आले आणि बहुतांशी त्याच खेळाडूंनी सलग तीन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. मग प्रश्न व्यक्तीचाच नव्हे काय? व्यक्तीचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. पण झिदान यांच्या हाताशी माकेलेलेचे काम करणारा कासेमिरो होता, आणि त्यांनी त्याची जागा पक्की केली. शिवाय २०२१ मध्ये दुसऱ्यांदा पद सोडताना त्यांनी जाहीर पत्र लिहिले. आपल्याला हवा तो विश्वास क्लब आता देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तारे सांभाळण्यात ज्यांचा हात कोणी धरू शकत नाही, त्यांचीही ही गत!

कोणाला आणायचे आणि कोणाला विकायचे हे अध्यक्षांनी ठरवायचे. जाब मात्र प्रशिक्षकाने द्यायचा. पुढच्या वेळी एखाद्या प्रशिक्षकाच्या गच्छंतीची बातमी वाचाल, तेव्हा वाचकहो, एवढेच विचारा: संघ निवडताना त्याचे कितपत चालले होते? ह्याचे उत्तर मिळेपर्यंत त्याच्या अपयशाचे पोवाडे कोणी गाऊ नयेत.